किनाऱ्यावरच्या कॅप्टन

काकूंचं तोंड चालत्या बोटीवर क्षणभर बंद नसे आणि जमिनीवर पाय ठेवला की त्या कामापुरतंच बोलत. माणसांचं सहसा उलटं असतं. समुद्रावर गेलं की भलेभले गप्प होतात, आणि मी तर पोटातलं पोटात राहावं म्हणून दात आवळून बसे. काकूंचं मात्र नांगर उचलल्यापासून सुरू व्हायचं. ‘डावीकडे मोठी पांढरी बोट, तिच्यावर कुत्रा उभा आहे. पुढे तरंगता लाल बोया, त्याच्यावर पेलिकन बसलाय. उजवीकडे कोणी नाही. ती निळी बोट वळतेय बघा.’ काका सुकाणूवर उभे राहून नुसतं ‘हं’ म्हणत. शेजारच्या बोटींवरचे गोरे लोक काकूंना ‘रेडिओ’ म्हणायचे. काकूंना ते ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे.

दोघं मूळची सोलापूरची. समुद्राशी सोलापूरचा जितका संबंध, तितकाच त्यांचा. काकांची सगळी नोकरी शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये, एका विमा कंपनीच्या संगणक विभागात झाली. काकू एका दातांच्या डॉक्टरकडे रिसेप्शनवर होत्या. ऑफिसातल्या कुणीतरी काकांना एकदा मिशिगन सरोवरात शिडाच्या बोटीतून फिरवून आणलं आणि तिथून हे वेड डोक्यात शिरलं. निवृत्तीनंतर घर विकून बोट घेतली तेव्हा नेपरव्हिलच्या मराठी मंडळींना हे दोघं सुट्टीपुरते चाललेत असंच वाटलं होतं. ते परत आलेच नाहीत. हिवाळाभर कॅरिबियन बेटांमधून फिरायचं आणि वादळांचे दिवस आले की दक्षिणेला जायचं, असं त्यांचं चाललं होतं. माझी गाठ पडली ती सेंट थॉमसला. एका हॉटेलची संगणक यंत्रणा बदलायला कंपनीने मला पिस्कॅटवेच्या ऑफिसातून तिकडे पाठवलं होतं. बेट अमेरिकेचंच. पोस्ट अमेरिकेचं, डॉलर अमेरिकेचा. फक्त गाड्या डाव्या बाजूने चालतात आणि रस्त्यात कोंबड्या असतात.

शनिवारच्या बाजारात एका बाईपुढे ओल्या तुरीच्या शेंगांचा ढीग दिसला आणि मी जागच्या जागी थांबलो. नागपूरच्या माणसाला तुरीचे सोले दिसले की तो कुठे आहे हे विसरतो. मी आईला फोन लावून तिथेच ‘आई, इथे शेंगा आहेत’ म्हणून सांगत होतो आणि दुसऱ्या हाताने बाईला भाव विचारत होतो. बाई माझ्याकडे बघायलाही तयार नव्हती. तेवढ्यात मागून अगदी शांत मराठी आवाज आला, “आधी तिला गुड मॉर्निंग म्हण, मग ती तुझ्याशी बोलेल.” मागे वळलो तर अर्धी चड्डी, टी-शर्ट आणि कपाळावर टिकली अशा एक उन्हाने रापलेल्या बाई उभ्या होत्या. मी गुड मॉर्निंग म्हणालो. भाजीवाली हसली आणि वर मूठभर शेंगा जास्त घातल्या. काकूंनी माझं नाव कधी लक्षात ठेवलं नाही. त्या दिवसापासून मी ‘नागपूरकर’ झालो.

दुकानात शिरताना, बसमध्ये चढताना, कुणाला पत्ता विचारताना आधी नमस्कार करायचा, मग काम सांगायचं, ही त्या बेटाची रीत. माझ्यासारखे मेनलँडवरून आलेले लोक घाईघाईत काम आधी सांगतात आणि मग इथली माणसं रूड आहेत म्हणून तक्रार करतात. काकूंना ही रीत मनापासून आवडायची. नेपरव्हिलला वीस वर्षं शेजारच्या बाईचं नुसतं गॅरेजचं दार वर जाताना पाहिलं, असं त्या एकदा म्हणाल्या होत्या. इथे धक्क्यापासून बाजारापर्यंत त्यांना ओळखणारी माणसं होती आणि काकू प्रत्येकाला थांबून नमस्कार करत. त्यापुढे मात्र एक शब्द जास्त नाही.

दोघांचा एक करार होता. बोटीवर काकांचा शब्द शेवटचा आणि जमिनीवर काकूंचा. पहिल्या वर्षी भर वाऱ्यात नांगर सुटला असताना दोघं एकाच वेळी एकमेकांना हुकूम सोडत बसले आणि बोट खडकाला लागता लागता राहिली. त्यानंतर हे ठरलं. बोटीवर काकू काकांना कधीच ‘असं करा’ म्हणत नसत. आणि नांगरलेल्या बोटीवरून किनाऱ्यावर आणणारी रबरी होडी धक्क्याला लागली, काकांचा पाय लाकडाच्या फळीवर पडला, की काका शाळेतल्या पोरासारखे काकूंच्या मागे चालू लागत. कुठे जायचं, काय घ्यायचं, किती वाजता परतायचं, सगळं काकू ठरवत. मला त्या कराराची फार गंमत वाटे. मी एकदा काकांना विचारलं, धक्का हा बोटीत धरायचा की जमिनीत? काका म्हणाले, “ते हिला विचार. धक्क्यावर आहोत ना आपण.”

किनाऱ्यावरचा त्यांचा दिवस म्हणजे ओझी वाहण्याचा दिवस. आधी कचऱ्याच्या पिशव्या टाकायच्या, मग कपडे धुवायला टाकायचे, ते होईपर्यंत भाजी आणि बर्फ, एखाद्या दिवशी गॅसची टाकी, आणि सगळ्यात शेवटी पिण्याच्या पाण्याचे कॅन. लोकांना वाटतं बोटीवर राहणारी माणसं हातात शहाळं घेऊन पडून असतात. काकू पाण्याचा कॅन उचलताना म्हणत, “सोलापुरात हेच करत होते. इथे फक्त व्ह्यू चांगला आहे.” तांब्याभर पाण्यात भांडी घासायचं त्यांचं कसब बघायला शेजारच्या बोटीवरच्या बायका येत. काकू त्यांना न बोलता दाखवत. एकीने व्हिडिओ काढायला फोन वर केला तर काकूंनी तिच्या हातात घासणी दिली.

मुलगी नेपरव्हिललाच असते. रविवारी तिचा फोन यायचा. बाबांच्या हट्टापायी आई या वयात पाणी वाहते आहे, असं तिचं पक्कं मत होतं. ती इंग्रजीत भांडायची आणि काकू मराठीत ‘बरं’ म्हणायच्या. एकदा ती स्पीकरवर होती, “मॉम, जस्ट टेल हिम यू वॉन्ट टु कम होम.” काकू म्हणाल्या, “मी घरीच आहे गं.”

त्यांच्या बोटीवरच्या बडबडीचं कारण मला लाँड्रीत कळलं. मशिनं फिरत होती, काका बाहेर बाकावर बसले होते. मी सहज थट्टेत म्हणालो, काकू, इथे का नाही कॉमेंटरी करत? त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “त्यांना नीट दिसत नाही. डोळ्याच्या पडद्याचं आहे, मधोमध सगळं धूसर. कडेचं दिसतं. डॉक्टर म्हणाले वाढतच जाणार. तू कुठे बोलू नकोस.” मी विचारलं, बोट कशी चालवतात मग? “मी सांगते ना,” त्या म्हणाल्या. आणि सुकलेले कपडे काढून घड्या घालायला लागल्या. बोट गेली तर त्या माणसाचं काय होईल ही त्यांची भीती होती आणि ती त्यांनी मला तेव्हा एकदाच सांगितली. नेपरव्हिलला मुलीच्या बेसमेंटमध्ये टीव्हीसमोर, तोही दिसत नसताना, बसलेले काका त्यांना बघवणार नव्हते.

त्यानंतर ते बोलणं मला वेगळं ऐकू येऊ लागलं. पेलिकन, कुत्रा, टॉवेल वाळत घातलेली बोट, या सगळ्या गप्पांमध्ये दर दोन वाक्यांनी एक उपयोगाचं वाक्य असायचं. बाकीचं सगळं ते वाक्य लपवायला. करार काही मोडत नव्हता, कारण त्या हुकूम देत नव्हत्या. फक्त दिसेल ते सांगत होत्या. काकाही कधी ‘कुठे’ म्हणून विचारत नसत, कारण विचारलं असतं तर कबूल केल्यासारखं झालं असतं. दोघांनी मिळून हे किती दिवस सांभाळलं असेल कोण जाणे. मला काकूंचं कौतुक वाटायचं आणि भीतीही वाटायची. तरी दर रविवारी ते बोलवायचे आणि मी जायचो.

अशाच एका रविवारी आम्ही शेजारच्या बेटावरून परत येत होतो. खाडीत शिरलो, शिडं उतरवली, काकांनी इंजिन चालू केलं. चहा उतू गेल्याचा वास आला म्हणून काकू खाली गेल्या. मी पुढे दोर गुंडाळत होतो. मान वर केली तर बोटीच्या अगदी नाकासमोर पाण्यात एक डोकं आणि श्वासाची नळी. मी ओरडलो, “काका, माणूस!” काकांनी विचारलं, “कुठे?” ते समोर बघत होते, अगदी त्या डोक्याकडेच बघत होते, आणि विचारत होते कुठे. काकू वर आल्या, काकांच्या हातावर हात टाकून त्यांनी सुकाणू पूर्ण फिरवलं. डोकं बोटीच्या कडेने हातभर अंतरावरून मागे गेलं. एक म्हातारी बाई होती. तिने मास्क वर केला, तिला काहीच कळलं नव्हतं. हात हलवून ती म्हणाली, “गुड आफ्टरनून!” काकूही तिला गुड आफ्टरनून म्हणाल्या. मग आम्ही नांगर टाकला. चहा कुणी घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या गाडीतून गॅसची टाकी भरायला जायचं ठरलेलं होतं. मी धक्क्यावर उभा होतो. होडी लागली, काका वर आले, काकूंनी दोर बांधला. टाकी माझ्या हातात देऊन त्या तिथेच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “अहो, बोट विकायची.”

काका म्हणाले, “बोटीचं बोटीवर ठरवू.”

“बोट तुमची. पण डोळे बोटीवरचे आणि जमिनीवरचे एकच आहेत.”

काका हळूच म्हणाले, “तू सांगत होतीस की.”

“सांगत होते. काल चहा बघायला गेले.”

काका धक्क्याच्या कडेला पाय सोडून बसले. काकू माझ्याबरोबर गाडीत बसल्या. टाकी भरून आलो तरी ते तसेच बसले होते. काकू जाऊन शेजारी बसल्या. मला त्या क्षणी काकांपेक्षा काकूंचं जास्त वाईट वाटलं. काकांची बोट जाणार होती, पण ती घालवणाऱ्या त्या होत्या. एवढी वर्षं तो करार त्यांनी अक्षरशः पाळला होता, आणि आता त्यातला आपला वाटा, जमिनीवरचा शेवटचा शब्द, त्यांनी याच कामासाठी वापरला.

बोट नॉर्थ कॅरोलिनाहून आलेल्या एका तरुण जोडप्याने घेतली. काकांची एकच अट होती, खरं कारण कुणाला सांगायचं नाही. मग काकूंनी सगळ्यांना काकांचे गुडघे सांगितले. शेजारच्या बोटींना गुडघे, भाजीवालीला गुडघे, मुलीलाही फोनवर गुडघेच. भाजीवालीने काकांसाठी कसलासा पाला दिला, तो काकूंनी आभार मानून पिशवीत ठेवला. खोटं बोलताना त्यांचा चेहरा जराही हलत नसे. रात्री झोप मात्र लागत नाही, असं मला म्हणाल्या.

दोघं नेपरव्हिलला मुलीकडे निघाले तेव्हा विमानतळावर मी सोडायला गेलो. कपाळाला टिकली होतीच, पण अंगात पंजाबी ड्रेस, आणि पायात मोजे घातलेल्या काकू मला ओळखू येईनात. मुलीने काळजीने व्हीलचेअर सांगून ठेवली होती. काउंटरवरची मुलगी ती ढकलत आली आणि काकांना बसायला म्हणाली. काका उभेच राहिले. काकू सवयीने पुढे झाल्या आणि गुडघ्याचं सांगायला लागल्या. काकांनी त्यांच्या दंडावर हात ठेवून त्यांना थांबवलं.

त्यांनी त्या मुलीला आधी गुड मॉर्निंग म्हटलं. मग इंग्रजीत, सगळ्या रांगेला ऐकू जाईल इतक्या स्पष्ट आवाजात म्हणाले, “माझे गुडघे ठणठणीत आहेत. मला दिसत नाही. वरच्या बोर्डावर लिहिलंय ते मला वाचून दाखवाल का?”

मुलगी वाचायला लागली. कुठलं फ्लाइट, कुठलं गेट, किती वाजता. काकू दोन पावलं मागे आल्या, बाकावर बसल्या आणि ओढणी तोंडाला लावून हमसून हमसून रडल्या. मी जवळ गेलो तर मला हातानेच थांबवलं. तिकडे काका त्या मुलीला म्हणत होते, सावकाश वाच, घाई नाही.