जांभळ्या चोळीआडची फांदी

आमच्या बायकोला राजवाड्यामागच्या गल्लीत सगळे गुटीआक्का म्हणायचे. ऐकून ऐकून मीही तेच म्हणायला लागलो. रस्त्यानं जाताना ती माणसांच्या तोंडाकडं बघायचीच नाही, झाडांच्या फांद्यांकडं बघायची. एकदा तिरुवैयारूला एका मयताला गेलो होतो. बायकांबरोबर ही पोटभर रडली, डोळे पुसले आणि मला कोपरानं ढोसून हळूच म्हणाली, "त्या चिंचेची वाकडी फांदी बघितलीत का? म्हातारं झाड आहे ते. नुसतं उचलायचं आणि तोट्टीत ठेवायचं."

तोट्टी म्हणजे कुंडी. आमच्या गच्चीवर तिच्या तोट्ट्यांची रांग होती आणि प्रत्येकीत वीतभर उंचीचं म्हातारं झाड. बोन्साय हा शब्द तिला जावयानं सांगितला. त्याच्या आधीपासून ती हेच करत होती. बी पेरून म्हातारं झाड बघायला आपलं आयुष्य पुरत नाही, म्हणून म्हातारी फांदीच घ्यायची, असं तिचं म्हणणं. अंगठ्याएवढी जाड, वेडीवाकडी फांदी ती निवडायची. दोन बोटं रुंद साल गोल काढायची, ओला काथ्या पिळून तिथं बसवायची, वर पारदर्शक प्लास्टिक, दोन्ही टोकांना दोरा. त्यावर जुन्या चोळीचा तुकडा, कारण मुळांना अंधार लागतो. तमिळ शेजारणी त्याला पदियम म्हणत, आम्ही गुटी म्हणतो.

साल काढल्यावर ती चाकूची पाठ घेऊन आतलं लाकूड खरवडत बसायची. मी भातगिरणीत जन्म काढलेला माणूस, यंत्राला सुद्धा उगाच ओरखडा काढू नये हे शिकलेला. मला बघवायचं नाही. पुरे कर म्हटलं की म्हणायची, "बुळबुळीत राहिलं तर साल परत जुळते. मग झाड कशाला मुळं काढील? त्याला कळलं पाहिजे की आता जुळायचं नाही."

आणि माझ्या भित्रेपणावर ती हसायची. मी रोज चोळीचा तुकडा उचलून बघायचो, मूळ आलं का, कुजलं का. ती माझ्या हातावर चापट मारायची. "बघत बसलं की मुळं लाजतात. काफीचा डबरा घ्या आणि खाली जा." डबरा म्हणजे काफीची खोलगट वाटी.

आमच्या कोल्लैत, म्हणजे परसात, एक डाळिंब आहे. तिरुवैयारूहून लग्न होऊन आली तेव्हा माहेरच्या डाळिंबाची गुटी घेऊन आली, तेच हे. घरातली मुलगी सासरी निघाली की ह्याचीच एक फांदी तोट्टीत घालून तिच्याबरोबर द्यायची, ही तिनं घातलेली रीत. नवऱ्याच्या घरी आपल्या ओळखीचं कुणीतरी असावं, म्हणायची. आमच्या मुलीला दिली. मग मुलीच्या मुलीचं, मीनाचं, लग्न ठरलं आणि यंदा उन्हाळ्यात तिनं मीनासाठी गुटी बांधली. जांभळ्या चोळीचा तुकडा फाडून वर गुंडाळला. त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गेली. सकाळी काफी गाळताना छातीला हात लावून खाली बसली, ती बसलीच.

माझी थोरली बहीण आली. सुतक आहे, तिच्या झाडांना कुणी हात लावायचा नाही, म्हणाली. कत्तिरीचं, म्हणजे ऐन मे महिन्यातलं, ऊन चाललेलं, त्या दिवसांत आमच्याकडं गच्चीवर चप्पल घालूनही उभं राहवत नाही. तेरावं झालं आणि मी वर गेलो. एकूण एक तोट्टीतलं झाड वाळून कोळसा झालेलं. पानांना बोट लावलं तर चुरा. मी तिथंच बसलो. ती दुसऱ्यांदा गेली असं वाटलं.

मग परसातली गुटी आठवली. जिन्यावरून कसा उतरलो ते मलाच माहीत. जांभळा तुकडा विटला होता, पण आत काथ्या ओला. झाडाला लागून होती ना अजून, तोट्टीसारखी कुणाच्या हाताची वाट बघत नव्हती. तिच्या हातचं एवढंच हिरवं उरलं होतं आणि ते मला राखायचं होतं. मला, ज्याला साधी कोथिंबीर धड उगवता आली नाही.

तिथून जी धाकधूक लागली ती अजून सुटली नाही. वारा आला की परसात जा. कावळा बसला की हाकल. एक दिवस खारीनं प्लास्टिक फाडलं आणि घरट्यासाठी काथ्या ओढून नेला. केसासारखी चार मुळं आली होती, ती उन्हात करपली. मी नवा काथ्या पिळून भरला, तिनं पिळला असता तसा. बरोबर पिळला का हे विचारायला कोण होतं?

आवणीत, म्हणजे श्रावणाच्या सुमारास, लग्न. आठवड्यावर आलं तेव्हा मुळं दिसायला लागली होती, पण पांढरीफेक. आक्काचा नियम पक्का होता, दूध घातलेल्या काफीचा रंग आल्याशिवाय तोडायची नाही. मुलगी म्हणाली, अप्पा, मुळं आहेत ना, मग द्या. जावई म्हणाला, रीत मोडायची कशाला. मला रात्रभर झोप नाही. द्यावी तर मरेल, न द्यावी तर पोरगी रिकाम्या हातानं जाईल, आणि पुढं माझाच काय भरवसा? शेवटी मीनाला परसात नेलं, तुकडा उचलून दाखवला.

ती वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "ताता, आजीनं कुणासाठी घाई केली असती का?"

"यमासाठी केली," मी म्हणालो.

ती हसली आणि रडली. तुकडा तिनंच नीट गुंडाळला. "दिवाळसणाला येते. तोवर खारीपासून सांभाळा."

पोरगी सासरी कोइंबतूरला रिकाम्या हातानं गेली. माझी बहीण मांडवात सगळ्यांना ऐकू जाईल अशी पुटपुटली.

दिवाळीला रंग आला. मीनानं आजीची करवत हातात घेतली, मी फांदी धरली. सुटली तेव्हा तिचा भार एकदम माझ्या हातात आला. तोट्टीत लावली, चिमटीनं माती दाबली, सावलीत ठेवली आणि दोन दिवसांनी ती मीनाच्या मांडीवर बसून गाडीतून गेली. जांभळा तुकडा माझ्या सदऱ्याच्या खिशात राहिला.

चार दिवसांपूर्वी मीनाचा फोन. "ताता, पानं गळतायत."

आक्का सांगायची तसंच सांगितलं, "गळू देत. झाडानं मान टाकली तर भी, पानं टाकली तर भिऊ नको. तोंड काळं पडलंय का फांदीचं?"

"नाही. हिरवं आहे."

"मग ठेव तशीच."

फोन ठेवला आणि तेव्हापासून मीच भितोय. रोज सकाळी काफीचा डबरा घेऊन फोनसमोर बसतो. बोट नंबरावर जातं आणि परत येतं. विचारत नाही. बघत बसलं की मुळं लाजतात.