खुंटाचा निरोप

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सांगलीत माझी पीएच.डी. चालली होती, ती तंबाखूच्या रोपांवर. माझ्या गाईड मॅडमनी ओळखीनं आणवलेल्या त्या रोपांत बाहेरून एक जनुक घातला होता. तो चालू असला की पानाचा तुकडा द्रावणात निळा व्हायचा. नसला की हिरवा रंग धुतल्यावर नुसता पांढरा. निळं देणारं झाड एकच निघालं. बाकीच्यांत जनुक असून गप्प! आणि नेमकी त्या एकाचीच मुळं कुजायला लागली. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तर बजावलंच होतं, "ह्या वर्षी काय तो निकाल लाव. न्हाईतर आलेलं स्थळ पक्कं करणार."

मी तासगावची. आमच्याकडं जंगली खुंटावर द्राक्षाची काडी बांधतात. खुंट नुसता पाणी देतो, द्राक्ष काडीचंच येतं, हे लहानपणापासून पाहिलेलं. मग काय, हुशारी सुचली! निळ्या झाडाचा शेंडा कापून एका गप्प रोपावर बांधला. कलम मस्त धरलं. मी मॅडमना पेढेसुद्धा दिले.

नवी पानं आली. तुकडा द्रावणात टाकला, तर पांढराफटक. पुन्हा टाकला, तेच. मेलं माझं नशीब, म्हणत मी तिथंच ढसाढसा रडले. खुंटानं पाण्याबरोबर गप्प बसायचा निरोपही वर पाठवला होता. हा निरोप आरएनएचे चिमुकले तुकडे नेतात, हे पुढं कळलं. त्यातले काही पेशीच्या केंद्रकात शिरून नेमका तोच जनुक गाठतात, तिथल्या डीएनएवर खुणा बसतात आणि तेवढा भाग घट्ट गुंडाळला जातो. जनुक बदलत नाही, फक्त वाचता येत नाही. तेव्हा मला एवढंच दिसत होतं, की झाड गेलं.

"बी धरू की त्याचं," मॅडम म्हणाल्या.

बिनबियांच्या द्राक्षांत वाढलेली मी, बी माझ्या डोक्यातच आलं नव्हतं!

"अगं बाई, तंबाखूला बी येतं!" मॅडम हसल्या.

कलमाला फुलं येऊन बोंडं वाळेपर्यंत आप्पांना थोपवून धरलं.

"आमच्या घरात बियाची वाट बघणारी तूच पयली," ते वैतागले. पण थांबले.

रोपं उगवली. एकाच्या पानाचा तुकडा बाटलीतल्या द्रावणात टाकला. सकाळी बघते तर निळाशार. खुंटाचा निरोप बियापर्यंत टिकलाच नव्हता. ती बाटली घेऊन मी तशीच एसटीनं घरी गेले. आप्पांनी ती उन्हात धरून बराच वेळ पाहिली.

"त्या पाव्हण्यांना न्हाई म्हणून सांगतो," म्हणाले.