आपल्यापुरती मोठी अक्षरं

डावा डोळा मिटायचा, उजव्या हाताचा अंगठा पुढे धरायचा आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं अक्षर त्या अंगठ्याशी मापायचं. कुठलंही काम समोर आलं की आमच्या पेंटरांची सुरुवात अशी. मग निकाल लागायचा. "मालक, ह्या 'ळ'च्या पोटात दुखतंय. बघा कसा वाकलाय."

भोरच्या एसटी स्टँडजवळ माझं वेबसाइट करून द्यायचं छोटं दुकान आहे. पालीला राजगडाखाली घरात पाहुणे उतरवणारे, हायवेचे हॉटेलवाले, रोपवाटिकावाले, ही आमची गिऱ्हाइकं. पेंटर माझ्याकडे आले तेव्हा पन्नाशीला टेकले होते. अर्ध्या तालुक्याच्या पाट्या त्यांच्या हातच्या. फ्लेक्स आले आणि ब्रश वाळून गेले, तेव्हा हा माणूस कॉलेजच्या पोरांशेजारी बसून कॉम्प्युटर शिकला. मला ते मालक म्हणायचे, त्यात थोडी चेष्टा असायची. मी त्यांना पेंटरच म्हणायचो.

दुकानातला जुना लॅपटॉप मी त्यांना देऊन टाकला होता. त्यातल्या ब्राउझरला त्यांनी एक एक्स्टेन्शन जोडून घेतलं. तुमच्यापैकी काहींना ते माहीत असेल. कुठल्याही वेबसाइटवरच्या अक्षरावर बाण न्या, त्याचा आकार, रंग, वळण सगळं ते सांगतं आणि तिथल्या तिथे बदलूही देतं. बदल लक्षात ठेवतं, पण आपल्याच कॉम्प्युटरवर. बाकीच्या जगाला मूळ पान दिसत राहतं.

पेंटर त्यावर जाम खूश. बातम्यांच्या एका साइटवरचा भडक लाल त्यांनी विटकरी करून टाकला होता, आणि रोज सकाळी चहा पिताना ती साइट उघडून ते समाधानाने मान हलवायचे. "त्यांना काय म्हाईत न्हाई. म्या आपल्यापुरतं केलंय."

पालीच्या एक मावशी एकदा आल्या. त्यांच्या खोल्यांच्या फोटोंवरची पिवळी अक्षरं त्यांना खटकत होती. पेंटरांनी बघता बघता ती पांढरी केली. मावशी खूश होऊन पिशवी उचलून निघाल्या, तर पेंटरांनी त्यांना परत बसवलं. "मावशी, घरी जाऊन उघडाल तर पिवळंच दिसंल. आजून आपल्यापुरतंच हाय. खरं काम म्होरंच हाय." मावशींना ते शेवटपर्यंत पटलं नाही. समोर तर पांढरं दिसतंय, म्हणाल्या.

हा फरक दुसऱ्यांना समजावणारा माणूस स्वतः त्यात चुकला. शिवऱ्याच्या एका हॉटेलवाल्याची साइट त्यांनी केली होती. तो तणतणत दुकानात आला. मेनूची अक्षरं मुंगीएवढी आणि फिकट, कुणालाच वाचता येईनात. मी माझ्या कॉम्प्युटरवर उघडलं, खरंच मुंग्या. पेंटरांच्या लॅपटॉपवर मात्र तेच पान ठळक, टपोरं. अक्षरं त्यांनी एक्स्टेन्शनमध्ये मोठी केली होती आणि खऱ्या साइटवर करायची राहून गेली होती.

मी तोंडाचा फटकळ. गिऱ्हाइकासमोरच म्हणालो, "पेंटर, एवढं अक्षर दिसत नाही का तुम्हाला?"

त्यांनी सवयीने डावा डोळा मिटला, माझ्या पडद्याजवळ वाकले आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "चुकलं, मालक." तासाभरात त्यांनी काम नीट करून दिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "गावाकडं भात लावायचंय. चार दिस येत न्हाई." गाव वेल्ह्याच्या पलीकडे, डोंगरात. चार दिवसांनी ते आले नाहीत. मी दोनदा फोन केला, दोन्ही वेळा "येतो की" म्हणाले. मग मी फोन करायचं थांबवलं. येतील गरज असेल तर, असं मनात म्हणायचो आणि दाराशी कुणी चप्पल काढली की मान वर करून बघायचो. त्यांची खुर्ची मी दुसऱ्या कुणाला दिली नाही.

वर्षाने त्यांच्या बायको आल्या, हातात लॅपटॉप. पेंटर छातीत कळ येऊन गेले होते, महिना झाला होता.

"लॅपटॉप दुकानाचा हाय, परत करावा म्हनलं," त्या म्हणाल्या. "डावा डोळा तर कवाच गेला होता त्यांचा. उजव्यावर चाललं होतं, त्योबी अंधुक झाला. तुमाला म्हाईत असंल की."

मी हो म्हणालो. इतकी वर्षं त्यांचं डावा डोळा मिटणं मी पाटी रंगवणाऱ्याची सवय समजत होतो.

त्या गेल्यावर एक्स्टेन्शन उघडलं. त्यांच्या बदलांची यादी होती. बातम्यांच्या साइटखाली अक्षराचा आकार १८, खाली २२, मग २८, मग ४०. जुना आकडा न पुसता दर वेळी खाली नवा लिहिलेला. ही सगळी वर्षं ते माझ्यापासून तीन हातांवर बसत होते. मी एकदाही त्यांच्या पडद्याकडे नीट पाहिलं नव्हतं.

शेवटचा बदल आमच्या दुकानाच्या साइटचा होता, तारीख ते दुकान सोडून गेल्यानंतरची. मी ते पान उघडलं. फोटो, मजकूर, सगळं त्यांनी झाकून टाकलं होतं. राहिला होता फक्त माझा मोबाईल नंबर, पडदाभर, काळाभोर.

त्यांच्या बायको जाताना जे म्हणाल्या होत्या, ते तेव्हा मला नीट कळलं नव्हतं. "घरामागच्या टेकाडावर रेंज येती. रोज सकाळी ह्यो लॅपटॉप घेऊन तिथं बसायचे. मोबाईल शेजारी दगडावर, त्यातली नावं दिसायची न्हाईत त्यांना. म्हनायचे, आज मालकांना फोन लावतो."

नंबर मी आता खऱ्या साइटवरच तेवढा मोठा केलाय. एवढा कशाला, असं गिऱ्हाइकं विचारतात. सकाळी फोन वाजला की अजूनही मी नाव न बघता उचलतो.