पुरातून आलेला डबा

जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे मुलांसाठी पानशेतच्या पुरावर पुस्तक लिहिणं म्हणजे माझ्या हातचा मळ, असं मला वाटत होतं. कसलं काय! धरण कसं फुटलं, कोणते पूल बुडाले, सगळं तपासून लिहिलं आणि नातीला वाचून दाखवलं. चौथीतली पोर ती, दुसऱ्याच पानावर म्हणाली, "आजी, खूप बोअर आहे गं."

मग मी त्यात एक मुलगा घातला. पुरातून मांजर वाचवणारा, शूर वगैरे. आमचे हे पेपरामागून म्हणाले, "हा कोण? त्या दिवशी मी तिथेच होतो. मला नाही दिसला."

"मग काय दिसलं ते सांगा की!" मी भडकलेच. एवढा संसार झाला, पण पुराचा विषय निघाला की हा माणूस चहा मागायचा.

या वेळी नाही मागितला. उठले आणि स्वयंपाकघरातून पितळी डबा घेऊन आले.

हा डबा मी लग्न होऊन शनिवार पेठेतल्या घरी आले तेव्हापासून पाहतेय. त्यावर कुणा परक्या बाईचं नाव कोरलेलं. दर दिवाळीत सासूबाई बेसनाचे पहिले लाडू त्यात भरायच्या आणि तुळशीच्या लग्नापर्यंत कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. विचारलं तर "असतं एकेका घरचं," म्हणायच्या. त्यांच्यामागे मीही तसंच करत आले. मला आपलं वाटे, कुळाचार असेल.

"पाणी ओसरल्यावर घरी आलो तर गुडघाभर चिखल," हे सांगू लागले. "त्यात हा रुतलेला. आई म्हणाली, उघडू नका, लोकांचा आहे. पण भूक लागली होती गं. झाकण इतकं घट्ट, की आत लाडू कोरडे! आम्ही भावंडांनी सगळे फस्त केले. आई रागावली नाही, रडली. मग म्हणाली, भांडं रिकामं परत करायचं नसतं, आपण लाडू भरून देऊ. नाव विचारत नदीकाठच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. कुणालाच ठाऊक नाही."

डबा माझ्यापुढे ठेवत म्हणाले, "आईनं भरला, तू भरतेस. पुढे कोण भरणार?"

तेव्हा आम्ही घर आवरत होतो. मुलाची कंपनी खराडीला, त्याच्याकडे कायमचं जायचं ठरलं होतं. सून गुणाची पोर, पण जुनी पितळ मोडीत देऊ या, असं सहज म्हणून गेली होती. हे तेव्हापासून गप्प गप्प का, ते मला आत्ता कळलं. फार वाईट वाटलं मला.

मांजरवाला शूरवीर काढून टाकला आणि डब्याची गोष्ट जशीच्या तशी लिहिली. ऐकताना नात हलली नाही. "मग शेवटी ज्यांचा डबा ते येतात ना?"

"नाही आले."

"मग आले असं लिही! तुझंच तर पुस्तक आहे."

"आले नाहीत तर आले कसं लिहायचं?" आजोबा म्हणाले. बाईसाहेब अशा रुसल्या, की दोन दिवस आम्हा दोघांशी बोलणं बंद.

खराडीतली पहिली दिवाळी. लाडू ऑर्डर देऊन आणलेले. माझे गुडघे दुखत होते आणि सुनेच्या नव्या स्वयंपाकघरात डब्याचा विषय काढायला जीभ रेटेना. तेवढ्यात पाहते तर काय, नात ओट्यापाशी स्टुलावर उभी राहून डब्यात लाडू भरतेय.

"अगं, ते पाहुण्यांसाठी आहेत," सून म्हणाली.

"हेपण पाहुण्यांचेच आहेत मम्मा. ते आले तर काय रिकामा डबा द्यायचा?"

तिनं दोन्ही हातांनी झाकण दाबून बसवलं. ह्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं आणि माझ्याकडे चहा मागितला.