आंतोनमामाचं मीठपाणी

आंतोनमामा तीस वर्षं सावंतवाडीच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या लॅबचा अटेंडंट होता. बेडकाच्या पोटातला जंत अख्खा बाहेर काढावा तर त्यानंच. आम्ही पोरं तुकडे करायचो आणि तो कपाळावर हात मारून घ्यायचा. साध्या पाण्यात हे जंत फुगून फुटतात, म्हणून मीठपाणी लागतं. ते मामा कधीच मोजून करत नसे. "पेजेक लागता तेवढा मीठ," म्हणत बोटानं चाखायचा आणि ते दरवेळी बरोबर निघायचं. याचा त्याला भारी तोरा!

आता मी बेडकांच्या जंतांवरच संशोधन करते. जिवंत बेडूक धरायची परवानगी नाही, त्यामुळे दोन पावसाळे मी गाडीखाली आलेले शोधत हिंडत होते. परवा सकाळी मामाच्याच दारासमोर हवा होता तो बेडूक सापडला, नुकताच मेलेला. नेमकी माझी मीठपाण्याची बाटली रिकामी. धावत ओसरीवर गेले.

"घाबरू नको गो बाय." मामानं वाटीभर पाण्यात मीठ टाकलं, चाखलं. "झाला!"

मी बेडूक चिरला. फुफ्फुसात तीन जंत होते, काळपट, दोऱ्याएवढे, वळवळणारे. मामानं चिमट्यानं पहिला अलगद वाटीत सोडला. तो फुगला आणि फुटला.

"मामा, मीठ कमी पडलं."

"माझी जीभ आजून चुकूक नाय!" त्यानं पुन्हा चाखलं, मान डोलावली आणि मी हात धरायच्या आत दुसरा सोडला. तोही फुटला. मला इतका राग आला की रडूच फुटायचं बाकी होतं. एकच उरला होता.

दारात उभी असलेली त्याची बायको, क्लारामामी, पुढे आली. वाटीत बोट बुडवून म्हणाली, "अळणी आसा." चिमूटभर घातलं, चाखलं, आणखी चिमूटभर घातलं. मी दुसऱ्या चिमट्यानं तिसरा जंत सोडला. वाकून बघत राहिले. तो वेटोळं घालून बसला, मग सावकाश उलगडला.

मामा बायकोकडे बघतच राहिला. "माका कसा कळाक नाय?"

"तुझा प्रेशर वाढला तेव्हापासून तुझ्या पेजेतला मीठ थोडा थोडा कमी करतंय. तीन वर्सां झाली. सांगून तू आयकणारो खंय?"

मामानं चिमटा खाली ठेवला. मला म्हणाला, "म्हणजे ते दोन मीच मारलंय."

"मेले ते मेले," मामी म्हणाली. "तू जितो आसस मां?"