मागच्या दाराचं दूध

"माह्या दुधानंच तर नाही ना गेली पोर?"

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला. या शेजारच्या क्वार्टरमधल्या काकू, मूळच्या वर्ध्याच्या. निमूला जाऊन महिना झाला होता. "तुमी नाही म्हनलं होतं, वैनी, तरी मी तिले चोरून देत होती..." आईची भांडी वाजत राहिली. मी दाराआड उभी राहिले, नेहमीसारखी.

निमू माझी धाकटी बहीण. बारा वर्षांची, पण दिसायची सातची. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. गुडघे आत वळलेले, अंगणात नुसती घसरली तरी हात मोडायचा. किडनीतून फॉस्फरस बाहेर पडत नाही, रक्तात साठतो, आणि त्यापायी हाडांतलं कॅल्शियम निघून जातं, असं डॉक्टरांनी इंग्रजीत सांगितलं. घरी मी ते मराठीत सांगितलं. दुधात फॉस्फरस फार, म्हणून दूध बंद. जेवताना अन्नातला फॉस्फरस अडवणारी एक पांढरी गोळी चावायची. निमू तिला खडू म्हणायची. "आज भी खडू-भात!" असं शाळेतल्या हिंदीत म्हणत हसायची.

काकूंना हे पटणं शक्यच नव्हतं. "हाडं मोडून राहिली अन् दूध बंद? कावून? डॉक्टर येडा झाला काय!" जवळच्या सुपेल्याच्या बाजारातून त्यांनी निमूचं नाव घातलेला स्टीलचा पेला आणला. संध्याकाळी आई भाजीला गेली, की तो सायीसकट भरून मागच्या दारात हजर. "पी माय, पाय सरळ होतीन तुये."

काकू वळल्या की पेला माझ्या हातात. "दीदी, तू पी ले ना. नाही म्हटलं तर काकू रडतीन... किसी को बोलना मत." मला साय मुळीच आवडत नाही. तरी दोन वर्षं प्यायले. मग निमू माझ्या ओठावरची पांढरी मिशी बोटानं पुसून स्वतःच्या ओठावर लावायची आणि रिकामा पेला काकूंना द्यायला लंगडत जायची. काकू ती मिशी पदरानं पुसायच्या. किती खूश व्हायच्या...

मी आत गेले. तो पेला ओट्यावर होता, घासून लख्ख केलेला. काकू तो आईला द्यायला आल्या होत्या. आई त्यांच्याकडे पाठ करून उभी होती. मी पेला हातात घेतला.

"काकू, तिनं एक घोटही नाही घेतला कधी. सगळं दूध मीच प्याली."