पेडगावच्या भिंतीवर रोमचा राजा

येशा माझ्या आधी गेला, ह्याचा मला अजून राग आहे. धाकट्या भावानं असं करायचं नसतं. पेडगावहून चुलतभाऊ परभणीला माझ्या शाळेत आला, वर्गाच्या दारात उभा राहिला आणि नुसतं म्हणाला, "आक्का, चल..." कावीळ झालीय एवढंच मला ठाऊक होतं. फळ्यावरचं गणित अर्धं टाकून निघाले. महिना उलटून गेला, तरी रडून काही होत नाही, म्हणून लिहायला बसले.

यशवंत चित्रकलेचा मास्तर होता. लहानपणापासून कोळसा दिसला की ह्याचे हात शिवशिवायचे. काही वर्षांमागं शाळेची सहल तेरला गेली. तिथल्या संग्रहालयात काचेआड त्यानं दोन हजार वर्षांपूर्वीची रोमची नाणी पाहिली, आणि त्यांच्यावरून आपल्याकडच्या लोकांनी मातीत उठवलेले, गळ्यात घालायचे बिल्लेही. झालं! स्वारी घरी आली ती ते खूळ घेऊनच. "आक्का, त्या काळी आपल्या बाया रोमच्या राजाचं तोंड गळ्यात घालून मिरवायच्या, काय सांगू तुला!" मी म्हटलं, "मग तू भिंतीच्या गळ्यात कशाला घालायलास?" कारण तोवर आईची परात भिंतीला टेकवून त्यानं कोळशानं गोल मारलेसुद्धा होते. गेरू, काजळी, नीळ... घराची वाटेकडची भिंत हळूहळू नाण्यांनी भरली. एकात जहाज, एकात गरुड, एकात पंखवाली बाई. मधोमध सगळ्यांत मोठा राजा, सरळ नाकाचा, डोक्यावर पानांचा मुकुट, आणि भोवतीनं गोलाकार परकी अक्षरं. ती त्यालाही वाचता येत नव्हती. दिसली तशी उतरवली होती. भाऊ म्हणून सांगत नाही, भिंत फार देखणी झाली होती.

घोटाळा त्या अक्षरांनी केला. गावातल्या शेतकरी घरातली गिरजाबाई तापानं फणफणलेली लेक खांद्यावर टाकून, एसटी चुकू नये म्हणून आमच्या वस्तीतल्या जवळच्या वाटेनं निघाली होती. डोक्यावर मुकुट, भोवती मंत्र, म्हणजे देवच असणार! तिनं जाता जाता हात जोडले. पोर दवाखान्यातल्या औषधानं बरी झाली, पण मान मिळाला राजाला. पुढच्या मंगळवारी बाई नारळ घेऊन हजर. मग तिच्यामागं आणखी बाया. राजाच्या कपाळाला हळदकुंकू, पुढ्यात उदबत्त्या. एरवी ह्या बाया आमच्या वस्तीत पाऊल टाकत नसत.

मला हसू आवरेना, आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं. येशाचं तोंड मात्र उतरलं. वडिलांनी धम्म घेतला तेव्हा घरातले देव स्वतःच्या हातानं नदीत सोडले होते, आणि आता त्यांच्याच घराच्या भिंतीवर पोराच्या हातचा देव बसला होता. मी म्हटलं, "येऊ दे की रे! पहिल्यांदा आपल्या दारात आल्यात."

"आपल्या दारात कुठं आल्यात, आक्का? नारळ फोडतेत अन् भिंतीवरूनच माघारी जातेत. आईनं पाणी इचारलं, एकीनं तरी घेतलं का?"



त्यानं गिरजाबाईला समजावून पाहिलं. "ताई, ह्यो देव न्हाई, परदेशातला राजा हाय. मरून लय वर्षं झाली त्याला. पैशावरचं चित्र हाय हे." ती म्हणाली, "असू द्या मास्तर, लेकीला गुण आला की!"

रविवारी त्यानं राजावर चुना फिरवला. भिंत सुकल्यावर त्याच गोलात त्यानं आईला बसवलं. तसाच एका बाजूनं दिसणारा चेहरा, डोक्यावर पदर, कपाळावर गोंदण, आणि भोवतीनं सगळ्यांना वाचता येईल अशा अक्षरांत 'कोंडाबाई, राहणार पेडगाव'. आई लाजून चूर! "मेल्या, मला कशाला पैशावर बसवायलास!"

गावाला ते झोंबलं. ह्याच बायांची अंगणं आईनं उभा जन्म झाडलेली. तिच्यापुढं कोण उदबत्ती लावणार? एका सकाळी चित्रावर शेण फेकलेलं सापडलं. येशानं ते निमूट धुतलं आणि पदराचा रंग पुन्हा भरला. वाट ओस पडली. गिरजाबाईही येईनाशी झाली, आणि तेवढं मात्र त्याला फार लागलं. "बाकीच्यांचं सोड गं आक्का, पण ती यायला पायजे होती..." आजारपणात फोनवरही एकदा म्हणाला.

त्याची माती करून आम्ही घरात बसलो होतो. दारात सावली पडली म्हणून पाहिलं, तर लेकीचं बोट धरून गिरजाबाई उभी. वस्तीतल्या बायांनी सरकून वाट दिली. चपला काढून ती आत आली, आईला खेटून जमिनीवर बसली आणि हुंदके देऊन रडली. मग डोळे पुसत म्हणाली, "मावशी, पाणी द्या जरा." आजवर सगळं गाव माझ्या आईला 'कोंडे' म्हणत आलं होतं. आईनं रांजणातून पेला भरून दिला. तिनं तो ओठांना लावला, अर्धा प्याली, उरलेलं लेकीला पाजलं.

आई तिच्याकडं बघतच राहिली. मग काय झालं कुणास ठाऊक, आतल्या खोलीकडं मान वळवून तिनं मोठ्यानं हाक मारली, "येशा, आरं भाईर ये की... बघ कोण आलंय!"